माती धरून दोन हात

गावात इंटरनेट याआधी दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा फोटोत.

पहिल्या खेपेला फलक आला. निळा, मोठा, त्यावर मोबाइल धरून हसणारी बाई. गावच्या प्रमुखानं फलकासमोर उभं राहून फोटो काढला आणि विषय संपला. पुढं वाऱ्यानं फलक फाटला, तेव्हा एकानं तो शेळ्यांच्या छपरावर अंथरला. थेंब गळत नाही म्हणे. त्या इंटरनेटचा गावाला झालेला उपयोग तेवढाच.

दुसऱ्या खेपेला पेटी आली. कचेरीच्या भिंतीला ठोकली. तिच्यात हिरवा दिवा लागायचा. पेटीला बाहेरून तार आलीच नव्हती, पण दिवा विजेवर लागतो, त्याला तारेशी काय घेणं. वरून एक साहेब आला, त्यानं दिवा बघितला, वहीत 'चालू' लिहिलं, चहा घेतला आणि गेला. त्या दिवसापासून गाव जोडलेलं होतं. कारकून पेटीचा प्लग काढून तिथं स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावायचा. साहेब येणार असला की परत दिवा लावायचा.

त्यामुळं तिसऱ्या खेपेला हमरस्त्यावर तारेची रिळं उतरली, तेव्हा कुणी मान वळवून बघितलं नाही. खणत्याच्या बायकोनं तेवढं बघितलं. ती पाण्याच्या टाकीवर होती.

खणत्याचं खरं नाव शाळा सोडल्यावर कुणी वापरलं नव्हतं. पाया खणायचा असो, गटार, नाहीतर फुटलेला नळ, खणत्याला बोलवा. माणूस मेलं तरी खणत्याला बोलवा. त्याची बायको शिकलेली. दूर कुठले डॉक्टर मशीनमध्ये बोलून ठेवायचे, ही ते कानाला लावून ऐकायची आणि टाइप करून पाठवायची. खणत्याची आई शेजारणींना समजावून सांगायची, "परक्या लोकांचे आजार ऐकत बसते दिवसभर. माझे गुडघे बोलतात ते हिला ऐकू येत नाहीत."

नेटवर्क टाकीच्या माथ्यावर तेवढं मिळायचं. लोखंडी शिडी, बावन्न पायऱ्या. लॅपटॉप पाठीला बांधून बायको सकाळी वर चढायची, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायची आणि ऊन असह्य झालं की उतरायची. पायऱ्या तापून तिच्या तळहातांवर काळे पट्टे उठले होते. खाली झाडाखाली चारपाच बाप्ये बसलेले. त्यांना दुसरं काम नव्हतं.

"काय वहिनी, वरून काय दिसतंय आज?"

पहिल्या वर्षी ती म्हणायची, "तुमची टकलं." नंतर तेही म्हणायची बंद झाली.

मग कंपनीचं पत्र आलं. आता रेकॉर्डिंग नाही, डॉक्टर बोलत असतानाच टाइप करायचं. हवेतलं नेटवर्क चालणार नाही, घरात तार पाहिजे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आठ दिवस परीक्षा. त्या आठ दिवसांत लाईन तासभराच्या वर बंद पडली तर शहरातल्या कचेरीत येऊन बसायचं. नाही जमलं तर नोकरी गेली. शहर नऊ तासांवर.

"मग?" खणत्यानं विचारलं.

"मग जाईन," ती म्हणाली. सरळ. भांडी घासता घासता.

आई दारात बसली होती. "गेलेली बाई आणि सुटलेली शेळी. पहिले दोन दिवस मागं वळून बघतात, मग नाही."

"आई, तू गप."

"मी गप. मी आपली गुडघ्यांशी बोलते."

खणत्यानं मनात सगळं मांडून बघितलं. आपण शहरात जावं तर आईला कोण बघणार? शेळ्या कुठं टाकणार? आणि शहरात खणायला यंत्रं आहेत. तिथं आपण म्हणजे पायात येणारा दगड. तार यायलाच पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी तो पहार खांद्यावर टाकून ठेकेदाराकडं गेला.

"बायकोची लाईन आहे," तो म्हणाला. "मीच खणतो."

ठेकेदाराचे बूट पांढरे होते. खोदकामाच्या जागी पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं. "दोन हात खोल," तो म्हणाला. "एक बोट कमी नको. वरून तपासणी आहे. आणि दिवसाला माणशी चाळीस पावलं."

ज्यानं एकदा तरी पहार धरली आहे त्याला कळेल की या दोन गोष्टी एका दिवसात बसत नाहीत. जमीन उन्हानं भाजून विटेसारखी झालेली. पहार मारली की टण्णकन उडायची आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. वरचा पापुद्रा निघाला की खाली मुरूम, मुरमाखाली गोटे. खणत्या टोळीत सगळ्यात तयारीचा, तरी पहिल्या दिवशी त्याची बारा पावलं झाली. संध्याकाळी तळहाताची कातडी पहारीला चिकटून निघाली.

ठेकेदारानं बारा पावलांकडं बघितलं आणि हसला. "विहीर खणतोस का काय? माती धरून धर ना."

माती धरून. ही काय ठेकेदारानं शोधलेली गोष्ट नव्हे. खोदकामाच्या धंद्यात बापजाद्यांपासून चालत आलेली. चर खणला की माती काठावर पडते, तिचा ढीग होतो. माप घ्यायचं ते तळापासून ढिगाच्या शेंड्यापर्यंत. हातभर खणलं, काठावर हातभर ढीग झाला, झाले दोन हात. गटारं अशीच खणली गेली, पाण्याच्या पायपा अशाच गाडल्या गेल्या. म्हणून तर त्या दर वर्षी गाडीच्या चाकाखाली फुटतात आणि खणत्याला बोलवावं लागतं. सगळ्यांना माहीत होतं. यात खोटं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. खणत्यालाही नाही. माप म्हणजे तेच.

फक्त एवढ्या कडक जमिनीत हातभरही जाईना. त्याच्यावरही तोड होती. खड्डा खोल होत नसेल तर ढीग उंच करायचा. फावड्यानं माती ओढायची, थापायची, शेंड्याला टोक काढायचं. दुसऱ्या दिवशी खणत्याची चाळीस पावलं झाली. तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस. टोळीतले म्हणायला लागले, ढीग थापावा तर खणत्यानं. त्याला बरं वाटायचं. माणसाला कशाचाही अभिमान वाटतो.

सगळ्यात वाईट तुकडा त्याच्या चुलतभावाच्या शेतातून जात होता. तिथं त्यानं पाऊण हात खणलं आणि सव्वा हात थापलं.

तपासणीला आला तो साहेब काळा गॉगल घालून गाडीत बसून आला आणि गाडीतच बसून राहिला. काच निम्मी खाली. आतला गारवा बाहेर येऊ नये म्हणून.

"माप कोण धरणार?"

"हा धरेल," ठेकेदारानं खणत्याला पुढं ढकललं. "विश्वासू आहे. याच्याच बायकोसाठी चाललंय सगळं."

खणत्या चरात उतरला. मापाची काठी तळाला टेकवली, ढिगाच्या शेंड्याला दोन बोटं लावली. दोन हातांच्या खुणेला शेंडा बरोबर लागत होता. साहेबानं गाडीतून मोबाइलवर फोटो घेतला. फोटोत खणत्या, काठी आणि ढीग. मग एक कागद बाहेर आला.

"माप धरणाऱ्याची सही."

खणत्यानं सही केली. खरं नाव लिहिलं. कितीतरी दिवसांनी.

घरी बायकोनं भिंतीला टेबल लावलं होतं. जुन्या दाराची फळी, खाली विटा. त्याच्या हाताला तेल लावताना ती म्हणाली, "पुरे झालं हो. तार येईल की नाही कुणाला माहीत. हात तरी राहू द्या."

"येणार. मी खणलंय."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. ते हसू बघून खणत्याला वाटलं, आपण मोठं काम केलं.

आणि तार आली की! पहिली तारीख उजाडायच्या दोन दिवस आधी. प्रमुखानं फीत कापली, भाषण केलं, जग आता आपल्या दारात आलं म्हणाला आणि जग आलंय का ते न बघता जेवायला गेला. तार वरून काळी, आत काचेची, केसाएवढी. तिच्यातून उजेड पळतो म्हणे. टेबलावरच्या भिंतीला छोटी पेटी लागली, तिच्यात हिरवा दिवा. बायकोनं लॅपटॉप उघडला. टाकीवर जे पान यायला चहा उकळून व्हायचा ते बोट उचलायच्या आत आलं. तिनं तेच पान पाचसहा वेळा परत परत उघडलं. उगाच.

आई लांबून बघत होती. "एवढी घाई कसली आहे त्याला?"

"आई, तुला काय बघायचं ते सांग."

आईनं विचार केला. "समुद्र."

समुद्र आला. आईनं तो बराच वेळ बघितला. "नुसतं पाणीच आहे," म्हणाली आणि उठली. पण दुसऱ्या दिवशी परत येऊन बसली.

पहिला दिवस नीट गेला. दुसरा, तिसरा, चौथा. झाडाखालच्या बाप्यांची पंचाईत झाली, टाकीकडं बघून बघून मान दुखायला लागली. खणत्या दबक्या पावलांनी घरात यायचा. आत बायको कानाला यंत्र लावून बसलेली, बोटं पावसाच्या सरीसारखी चाललेली. तिच्या तळहातांवरचे काळे पट्टे फिके पडत होते. तो दारातूनच बघायचा आणि परत फिरायचा.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बोटं थांबली.

"अहो," आतून हाक आली. "दिवा लाल झालाय."

खणत्यानं तारेच्या वाटेनं धाव घेतली. धावत असतानाच त्याला कळलं होतं कुठं जायचं आहे. बाकी कुठं बघितलंच नाही त्यानं, तो सरळ चुलतभावाच्या शेतात गेला. ट्रॅक्टर उभा होता. नांगराच्या फाळाला काळी तार अडकून तिचा गुंता झाला होता, आतडं ओढून काढल्यासारखा. चुलतभाऊ कमरेवर हात ठेवून उभा. झाडाखालचे बाप्ये आधीच पोचले होते. अशा जागी ते नेहमी आधी पोचतात.

"काय रे खणत्या, ही तुझी तार?" चुलतभावानं विचारलं.

"नांगर घातलास? इथं तार आहे, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की. दोन हातांवर आहे, हेही माहीत होतं. प्रमुखानं भाषणात सांगितलं ना. माझा फाळ दीड वीत जातो." चुलतभाऊ सगळ्यांकडं बघून म्हणाला, "का तार रात्रीची वर येते हवा खायला?"

बाप्ये हसले. एक जण हसता हसता खाली बसला.

बायको मागून धावत आली होती. अनवाणी. कानातलं यंत्र गळ्यात लोंबत होतं. तिनं फाळाकडं बघितलं, मग नांगरलेल्या सरीकडं. सरीत उतरून तिनं हात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही, खाली न फोडलेला मुरूम लागला.

तिचा बाप विहिरी खणायचा. हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. खणत्याला होतं.

"इथं कुणी खणलं?"

"मी."

"किती?"

"दोन हात."

ती उभी राहिली. हात झटकले. "माती धरून का माती सोडून?"

बाप्ये मान वळवून दुसरीकडं बघायला लागले. सगळ्यांच्या घरची गटारं माती धरूनच खणलेली होती. खणत्यानं फाळाला अडकलेली तार सोडवायला घेतली.

"अगं, सगळे तसंच…"

"मी सगळ्यांना विचारलं का?"

ती घराकडं चालायला लागली. धावली नाही. तासाची मुदत होती, पण आता धावून काय करायचं होतं.

खणत्यानं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार दुसऱ्या गावाला होता, पहारींचा आवाज येत होता.

"जोडायला यंत्र लागतं. जोडणीवाला एकच आहे, सगळ्या भागाला. तक्रार नोंदव."

"कधी येईल?"

"येईल तेव्हा येईल. आणि हे बघ, माझ्यावर आवाज चढवू नको. माप कुणी धरलं होतं? सही कुणाची आहे?"

खणत्या कचेरीत गेला. कारकुनानं वही उघडली, पान त्याच्याकडं फिरवलं. गावापुढं 'चालू' लिहिलेलं होतं.

"बंद पडली आहे," खणत्या म्हणाला.

"चालू असलेली लाईन बंद कशी पडेल? बंदची नोंद करायची तर आधी तपासणी लागते."

"मग तपासणी करा."

"तपासणी कशाची? चालू आहे ना." कारकून त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिला. मागं भिंतीवरच्या पेटीच्या बोर्डाला त्याचा मोबाइल लावलेला होता.

प्रमुख भेटला तो जाता जाता. खणत्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असं जाहीर बोलत फिरू नको. गावाचं नाव खराब होतं."

संध्याकाळी बायकोनं पिशवी भरली. दोन जोड कपडे, लॅपटॉप, तेलाची बाटली. ती बाटली तिनं नंतर परत काढून फळीवर ठेवली, खणत्याच्या हातांसाठी. कंपनीचं उत्तर तासाभरात आलं होतं. खुर्ची तयार आहे, सोमवारी हजर व्हा.

"मी परत खणतो," खणत्या म्हणाला. "नीट. जोडणीवाला येईपर्यंत."

"खणा की. तुमचा धंदा आहे."

"तू भांड तरी."

"भांडून काय होतं? ठेकेदारानं फसवलं असतं तर भांडले असते. त्याच्याकडून मला काही नकोच होतं. तुम्हाला माहीत होतं तार कुणासाठी आहे." पिशवीची चेन लागत नव्हती, ती जोरानं ओढत होती. "मी टाकीवर चार वर्षं चढले. एक पायरी सोडून चढता येत नाही तिथं."

आई दारात होती. सून पाया पडून निघाली तेव्हा तिनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "जा. इथं काय ठेवलंय. यांच्याच्यानं एक चर नीट खणवत नाही."

सकाळच्या बसनं ती गेली.

खणत्या त्याच दिवशी चुलतभावाच्या शेतात उतरला. चार दिवस खणत होता. या कामाचं कुणी काही देणार नव्हतं, कुणी मोजणारही नव्हतं. वर काढलेली माती तो पाटीत भरून लांब नेऊन पसरायचा, काठावर चिमूटभरसुद्धा ठेवायचा नाही. गोटे पहारीनं उचकटले, जिथं उचकटले नाहीत तिथं छिन्नीनं फोडले. एक कपचा उडून कोपराला लागला, जखम चिघळली. चुलतभाऊ बांधावर बसून बघायचा.

"आता कुणाला दाखवतोस?"

खणत्या खाली वाकलेलाच. चर त्याच्या कमरेपर्यंत आला होता. त्याला पहिल्यांदा समजलं की दोन हात म्हणजे किती असतात. बरेच असतात.

"एवढं आधी केलं असतंस तर," चुलतभाऊ म्हणाला. तेवढं म्हणून पान चघळायला लागला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

जोडणीवाला एकोणिसाव्या दिवशी आला. पोरगेला माणूस, हातात डब्याएवढं यंत्र. चराच्या काठावर बसून त्यानं काचेची दोन टोकं पुसली, यंत्रात ठेवली, झाकण लावलं. बारीक चर्र झालं.

"झालं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"मग काय? एवढंच असतं." जोडणीवाल्यानं चरात डोकावून बघितलं. "हा तुकडा कुणी खणलाय? असं कुणी खणत नाही."

खणत्यानं फावडं उचललं. एकट्यानं तार गाडली, माती लोटली, पायानं दाबली.

घरी आला तर दिवा हिरवा झाला होता. बायकोनं जाताना जुना मोबाइल आईसाठी ठेवला होता. तो लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला. चित्र आलं, एवढं स्वच्छ की खणत्या दचकलाच. तिच्या कपाळावरची घामाची रेघ दिसत होती. मागं खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत कानाला यंत्र लावलेलं एकेक डोकं. पंखा फिरत होता तरी त्याची पाती मोजता आली असती.

"लाईन आली," खणत्या म्हणाला.

"दिसतंय."

"सूनबाई," आई मध्येच घुसली, "जेवतेस का नीट? वाळलीस."

"जेवते आई. तुमचे गुडघे?"

"आहेत जागेवर. बोलतात." आईनं मोबाइल खणत्याकडं दिला, पदराची कड डोळ्याला लावली आणि शेळ्यांकडं गेली.

"कोपराला काय झालं?" बायकोनं विचारलं.

खणत्यानं हात मागं घेतला. "काही नाही. कपचा."

"औषध लावलं?"

"लावलं." लावलं नव्हतं. ते तिला दिसलं असणार. सगळंच दिसत होतं. मागची चूल, तिच्यावरचं न घासलेलं भांडं, भिंतीला लावलेलं रिकामं टेबल.

"तू परत ये," तो म्हणाला. "आता नाही तुटायची. मी स्वतः…"

"वर्षाचा करार झालाय. सही केली मी."

खणत्या थांबला. आधी फोनवर असा काही विषय निघाला की आवाज तुटायचा, हॅलो हॅलो करायचं, ऐकू येत नाही म्हणायचं आणि सुटायचं. त्यानं मोबाइल थोडा हलवून बघितला. चित्र हललं नाही. ती तशीच समोर, डोळ्यांत डोळे घालून, तो काय बोलतो त्याची वाट बघत बसली होती. त्याच्या तोंडातून शब्द निघेना. तारेतून मात्र सगळं जात होतं, त्याचं ते न बोलणंसुद्धा, जसंच्या तसं, क्षणाचाही उशीर न होता.